भादव्यातल्या बंदुका

सलग आठ-दहा दिवस पाऊस लागला की लोखंडाला वास सुटतो. ओल्या मातीचा वास सगळ्यांना कळतो, त्याच्यावर बोललंही जातं. लोखंडाचा वास मात्र हात लावल्याशिवाय येत नाही. काल शाळेतून आले, खिडकी लावायला गेले आणि गजावरून बोटं फिरली. तांबूस ओल बोटांना लागली. नागपुरातल्या या खोलीत माझ्याबरोबर राहणारी शिक्षिका म्हणाली, "अशी काय उभी राहिलीस? काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही."

हे "काही नाही" मी लहानपणापासून फार वेळा म्हणत आले आहे. कधी त्याच्या जागी "हो" म्हटलं, अर्थ तोच. त्यातल्या एकाबद्दल लिहायचं आहे.

भादवा म्हटला की लोकांच्या मनात गौरी-गणपती येतात. माझ्या मनात भिंतीवरच्या तीन बंदुका येतात. आमचं घर चांदा जिल्ह्यात, गोंडपिपरीच्या अलीकडच्या एका खेड्यात. घरामागे तलाव, तलावाच्या पलीकडे धानाच्या बांध्या, आणि बांध्या संपतात तिथून जंगल. भादवा उतरणीला लागला की धान निसवतं. लोंबीत दूध भरतं. त्या दुधाचा गोडसर, कच्चा वास वाऱ्यावर येतो. आपल्याला तो आवडतो तसाच रानडुकरांनाही आवडतो. म्हणून आमच्याकडे हा महिना सणाचा कमी आणि राखणीचा जास्त.

बाबा लढाईत होते असं सगळं गाव समजायचं. खरं म्हणजे महायुद्धाची सहा वर्षं ते एका लष्करी कोठारात कारकून होते. पेट्यांतून बंदुका यायच्या, पेट्यांतून जायच्या. बाबा त्यांचे नंबर लिहायचे. त्या सहा वर्षांत त्यांनी एकही गोळी झाडली नाही. पण बंदूक कुठल्या साच्याची, कितव्या दुरुस्तीची, हे ते नुसत्या हाताने सांगत. गावाने त्यांना सुभेदार करून टाकलं. सुरुवातीला ते दर वेळी म्हणत, "अरे, मी कारकून होतो."

त्यावर पैकूभाऊ म्हणायचे, "कारकून तं कारकून जी. पण कारकून म्हटलं तं डुकर भेते काय? सुभेदारच बरं हाय."

पैकूभाऊ तलावात जाळं टाकणारे. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, टोकाला त्यांची झोपडी, पलीकडे अर्ध्या एकराची बांधी, एक डोंगा, आणि बायको जनाबाई. रोज संध्याकाळी ते आमच्या ओसरीवर येऊन बसत. बाबांच्या बंदुकांच्या गोष्टी त्यांनी शंभरदा ऐकल्या असतील. पण ऐकताना चेहरा असा करत की जणू ही पहिलीच खेप. बाबांच्या लायसनवर हाताखालचा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं, म्हणजे बंदूक त्यांनाही चालवता येत असे. बाबांना दुसरा मित्र नव्हता. हे मला तेव्हा दिसत होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता.

लढाई संपली आणि ज्या बंदुकांचे नंबर बाबांनी लिहिले होते त्या मोडीत निघाल्या. तीनशे तीनचं माप मुलकी माणसाला बंद, म्हणून त्यांतल्या काहींच्या नळ्या बदलून, दुसऱ्या मापाच्या करून, लायसनवाल्यांना मिळू लागल्या. वर्धा नदीच्या पलीकडे राजुऱ्याच्या बाजूला, निजामाचं राज्य गेल्यावर, जुनी हत्यारं घरोघरच्या माळ्यांवरून खाली आली. लिलावाची नाही तर विक्रीची बातमी लागली की बाबा निघत. "सहा वर्षं यांची नावं लिहिली," ते म्हणत, "एक तरी ओळखीची भेटेल." जसं कुणी नाणी गोळा करतं तसं ते करत. आई म्हणे, "नाणी निदान रोज पुसावी लागत नाहीत."

मी सुट्टीत घरी असले की मला बरोबर नेत. बंदुकीवरचा मजकूर इंग्रजी असतो, आणि बाबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला होता. कॉन्व्हेंटमध्ये मी आठ वर्षं इंग्रजी शिकले. पाहुण्यांसमोर त्या इंग्रजीचं एक वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही. पण भिंग हातात घेऊन, मान खाली घालून, लोखंडावरची अक्षरं वाचायला मला फार बरं वाटे. तिथे कुणाच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नसे.

राजुऱ्याजवळच्या एका म्हाताऱ्या शिपायाचं घर आठवतं. त्याने बंदूक बाजेवर ठेवली, मग माझ्याकडे बघितलं आणि बाबांना म्हणाला, "बेटी को काहे को लाये? बंदूक देखने आये, कि रिश्ता?"

माझे कान तापले. बाबा हसले. "माझे डोळे आहेत ते," ते म्हणाले, आणि त्यांनी नेहमीचा क्रम सुरू केला. आधी लाकडी दस्त्यावरून तळहात, मग मुठीपाशी असलेल्या लोखंडी कड्यावर अंगठा. तिथे मुकुट असतो, साल असतं. मग मी भिंगातून वाचायचं. सरकारी मालाचा एक बाण. आणि सरकारने तो माल विकून टाकला असेल तर समोरासमोर टोकं लावलेले दोन बाण. ते दोन बाण नसले तर बाबा तिथूनच उठत, कारण मग तो माल चोरीचा. नंतर नंबर. बंदुकीच्या अंगावर, काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्यावर, म्हणजे बोल्टवर, नळीवर, पुढच्या टोपीवर, चारही ठिकाणी एकच हवा. बोल्ट काढून ते स्वतःच्या अंगठ्याचं नख नळीच्या मागच्या तोंडाशी धरत आणि मला पुढून बघायला लावत. नखावरून उजेड परततो आणि नळीच्या आतले पेच आरशासारखे दिसतात. आत गंजाचे खड्डे असतील तर ते देवीच्या व्रणांसारखे दिसतात. "फार चकचकीत बंदूक घेऊ नये," ते मला सांगत. "चकचकीत म्हणजे कुणीतरी काहीतरी घासून काढलेलं असतं."

ती बंदूक चकचकीत नव्हती. बाबांनी ती घेतली. चांद्याच्या लिलावातून आणलेली तशीच एक आमच्याकडे आधीपासून होती. म्हणून ती थोरली झाली आणि ही धाकटी. तिसरी एक जुनी मार्टिनी, खाली कडी ओढून उघडायची. तिला नाव नव्हतं. बाबा तिला "आजी" म्हणत नसत, पण वागवत तसंच.

पावसाळ्यात या तिघींचं करणं म्हणजे घरात आजारी माणूस असल्यासारखं असे. चुलीची ऊब लागते त्या भिंतीवर त्या टांगलेल्या. दस्त्याला जवसाचं तेल, हाताच्या उबेनं मुरवायचं. नळीत फलाटीनचं फडकं, आधी कोरडं, मग तेलाचं, मग पुन्हा कोरडं. गोळी झाडली असेल तर त्याच दिवशी उकळतं पाणी, नाहीतर सकाळपर्यंत आत मीठ धरतं. बोल्ट मात्र बंदुकीजवळ ठेवायचे नाहीत. ते कोठीच्या खोलीत, भाजलेल्या तांदळाच्या डब्यात पुरून. तांदूळ ओल ओढून घेतो. दर आठवड्याला तो तांदूळ पुन्हा भाजायचा. त्या डब्यात हात घातला की आधी कोमट तांदूळ लागत आणि मग एकदम लोखंड.

बाबांचा एक नियम होता: एका वेळी एकच बोल्ट उघडायचा. तो पुसून, जोडून, डब्यात गेल्यावरच दुसरा. कारणही त्यांनी समजावलं होतं. बोल्टच्या पुढच्या टोकाला अंगठ्याच्या पेराएवढं एक डोकं पेचाने बसवलेलं असतं. बंदूक उडते तेव्हा काडतुसाची पाठ त्या डोक्यावर टेकते, म्हणून कोठारात दर बंदुकीला मापून ते बसवत. बोल्टवर बंदुकीचा नंबर असतो, डोक्यावर नसतो. डोक्यावर फक्त एक बारीक आकडा, शून्यापासून तीनपर्यंत; आकडा मोठा तेवढं डोकं लांब. थोरलीचा एक, धाकटीचा तीन. वहीत ते मीच माझ्या वळणदार इंग्रजी अक्षरात लिहिलं होतं.

मी एकोणीस वर्षांची होते त्या वर्षीचा भादवा. अकरा दिवस सूर्य दिसला नव्हता. आई मोठ्या बहिणीच्या बाळंतपणाला वर्ध्याला गेलेली. गाद्या दमट, मीठ पाणावलेलं, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर हिरवी बुरशी. बाराव्या दिवशी दुपारी ढग फाटले आणि अंगणात ऊन पडलं. सगळं गाव बाहेर धावलं. जिकडे तिकडे गोधड्या, पापड, पोरं वाळत घातलेली. मीही थोरलीचा आणि धाकटीचा, दोन्ही बोल्ट बाहेर आणले. ऊन किती वेळ टिकेल ते सांगता येत नव्हतं. एक उघडून, पुसून, जोडून मग दुसरा घेईपर्यंत ढग परत आले असते. मी दोन्ही एकदम उघडले. सुपात जुनं धोतर पसरून सगळे भाग ओळीने मांडले. स्प्रिंगा, पिना, दोन डोकी. लोखंडाला ऊन मिळालेलं बघून मला इतकं समाधान झालं की मी गुडघ्यांवर हनुवटी टेकवून नुसती बसून राहिले. ते समाधान अजून आठवतं. त्याचीच मला जास्त लाज वाटते.

मग ढग आले. टपोरे थेंब पडायला लागले, मी सूप उचलून आत पळाले आणि घाईने जोडाजोड केली. नंबर बघून बोल्ट जुळवले. धाकटीचं डोकं फिरवताना शेवटच्या आट्याला ते नेहमीपेक्षा जरा निराळं बसलं. केवढं निराळं? शाई घट्ट आणि पातळ असताना टाक जेवढा निराळा चालतो तेवढं. मला ते जाणवलं. मी भिंग घेऊन बघितलं नाही. बघितलं असतं तर बाबांना सांगावं लागलं असतं की मी दोन्ही एकदम उघडले. बाबा ओसरीवरून म्हणाले, "झालं का गं नीट सगळं?"

"हो," मी म्हटलं.

तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत मी कितीदा कोठीच्या खोलीपर्यंत गेले आणि परत आले. माणूस एवढ्याशा गोष्टीला एवढा का घाबरतो, हे मी पुढे शाळेतल्या मुलींच्या चेहऱ्यांवरून ओळखायला शिकले. शिक्षेची भीती नसते. ज्याने आपल्यावर भरवसा टाकला त्याच्या कपाळाला पडणारी आठी बघायची नसते. बाबा रागावले नसते. त्यांनी फक्त "बरं" म्हटलं असतं, आणि पुढच्या वेळी भिंग स्वतःच्या हातात घेतलं असतं, ज्या डोळ्यांना ते उपयोगाचं नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी पैकूभाऊ आणि जनाबाई दोघं आले. जनाबाई क्वचितच अंगणात येत. आल्या की उभ्याउभ्या बोलत.

"सुभेदारभाऊ, अर्धी बांधी साफ केली त्यानं," त्या म्हणाल्या. "एकटाच हाय, हा एवढा. आज तलावाच्या पल्याडच्या झुडपात दडून बसला हाय. आज नाई मारला तं उरलेलं बी खाते. मंग आमी काय तुमच्या बंदुकीचं तेल खाऊन राह्याचं सालभर?"

"तू गप न वो," पैकूभाऊ म्हणाले.

"काऊन गप? भितीले टांगून टांगून तिले बी कंटाळा आला असन."

बाबांना हसू आलं. ते उठले, भिंतीपाशी गेले, आणि दोन्ही बंदुकांवरून हात फिरवून त्यांनी धाकटी खाली घेतली. तिच्या दस्त्याचं लाकूड हलकं, चिखलातून न्यायला बरी. मला म्हणाले, "हिचा बोल्ट दे."

तांदळात हात घालून मी तो काढला. त्यांच्या हातावर ठेवला. तेव्हाही वेळ होता. पैकूभाऊ समोर होते, जनाबाई समोर होत्या, आणि मला चारचौघांत बोलता येत नव्हतं. पाहुण्यांपुढे इंग्रजी न बोलणं निराळं आणि हे निराळं, पण माझ्या घशाला तो फरक कळत नव्हता.

ते दोघं डोंग्यातून पलीकडे गेले. जनाबाई पाळीवर जाळं वाळवत बसल्या. घर रिकामं झालं तेव्हा मी थोरलीचा बोल्ट काढला आणि खिडकीच्या उजेडात भिंग धरलं.

तीन.

पुन्हा पुसून पाहिलं. तीन. वहीत थोरलीपुढे माझ्याच अक्षरात एक लिहिलेला होता. म्हणजे धाकटीत आखूड डोकं होतं. काडतुसाच्या पाठीमागे जागा रिकामी होती. तिथून कवच फाटून आतली आग मागे येते, झाडणाऱ्याच्या तोंडावर. हे बाबांनीच शिकवलं होतं.

मी अनवाणी धावले. पाळीवरचा चिखल घोट्यापर्यंत. तलावाला वळसा घालायचा तर अर्ध्या कोसाची वाट, तीही पाण्याखाली. डोंगा पलीकडे. पलीकडच्या काठावर झुडपांच्या मागे, जंगलाला पाठ करून, दोन माणसं उभी असलेली मला दिसत होती. एक पांढरं धोतर, एक उघडं अंग. बंदूक कुणाच्या हातात होती ते दिसत नव्हतं.

"काऊन वो बाई, अशा काऊन पळून राह्यल्या?" जनाबाई उठल्या.

मला धाप लागली होती. शब्द जुळेनात. "बंदूक... झाडू नका म्हणावं. बंदूक बरोबर नाही. हाक मारा त्यांना. पैकूभाऊंना हाक मारा!"

"मी कशी नाव घेऊ त्याईचं?" एवढ्या घाईतही त्या म्हणाल्या. मग माझा चेहरा बघितला, पदर कमरेला खोचला आणि तलावाकडे तोंड करून ओरडल्या, "ओ मंगलीचे बाबा! थांबा! ओऽऽ!"

आणि मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "पैकूभाऊ! बाबा! नकोऽऽ!" माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला ठाऊक नव्हतं. तो पाण्यावरून गेला, पलीकडे आपटला आणि परत आला. शब्द मात्र तिकडेच कुठेतरी गळून पडले असावेत. मी दोन्ही हात हलवत होते, चिखलात उड्या मारत होते, जनाबाई पितळी घमेलं दगडावर बडवत होत्या.

आमच्याकडे डुकराचा हाका असाच असतो. एका बाजूने माणसं आरडाओरडा करतात, डबे बडवतात, आणि जनावर त्या आवाजापासून पळत दुसऱ्या बाजूला, बंदुकीच्या पुढ्यात येतं. टोल्यावरची, म्हणजे वाडीतली, चार माणसं बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर हाक्यासाठीच थांबली होती. अजून इशारा व्हायचा होता. त्यांनी आमचा ओरडा ऐकला आणि हाका सुरू झाला असं समजून तीही ओरडायला लागली. डबे वाजले. मी जितकी "नको" म्हणून ओरडत होते तितका तिकडचा गलबला वाढत होता. जनाबाईंना ते माझ्याआधी कळलं. त्यांनी घमेलं टाकून दिलं आणि माझ्या तोंडावर हात दाबला. त्यांच्या हाताला माशांचा वास होता.

झुडपं हलली. काळं काहीतरी तलावाकडून जंगलाकडे निघालं. मग आवाज झाला. बंदुकीच्या आवाजात एक कोरडा तुकडा असतो. हा आवाज फाटलेला होता. पांढरं धोतर उभंच राहिलं. उघडं अंग खाली बसलं.

बाबांनी बंदूक पैकूभाऊंना दिली होती. स्वतःच्या डोळ्याचा भरवसा नव्हता म्हणून.

चांद्यापर्यंतचा बैलगाडीचा रस्ता त्या पावसात दीड दिवसाचा झाला. मी गाडीत नव्हते. मी घरी होते आणि उकळतं पाणी नळीत ओतत होते, कारण बंदूक त्याच दिवशी धुवावी लागते आणि दुसरं काय करायचं ते मला कळत नव्हतं. डोळा गेला. उजवा. गालावर बारूद कायमची गोंदली गेली. जीव वाचला, असं सगळ्यांनी सांगितलं. आणि डुक्कर पडलं होतं हेही सांगितलं.

बाबा गाडीबरोबर निघण्याआधी दारात थांबले होते, तेव्हाच मी त्यांना सांगितलं. दोन्ही एकदम उघडले होते. डोकी बदलली. मला वाटलं होतं, पण मी बघितलं नाही. तीन वाक्यं. बाबांचे हात पैकूभाऊंच्या रक्ताने भरलेले होते, ते त्यांनी अंगापासून दूर धरले होते. माझा आवाज येत होता तिकडे त्यांनी तोंड वळवलं. मग म्हणाले, "हे कुणाजवळ बोलायचं नाही. तुझं अजून सगळं व्हायचं आहे." ठाण्यात त्यांनी जबानी दिली की माल मोडीचा होता, दोष आपल्या पारखीचा. तिन्ही बंदुका जमा करून टाकल्या. भिंतीवर खुंट्या राहिल्या आणि खुंट्यांखाली तेलाचे लांबट डाग.

बाबांनी मला वाचवलं. मला ते नको होतं, असं आज लिहिणं सोपं आहे. तेव्हा मी मान हलवली होती.

पैकूभाऊ बरे होऊन परत ओसरीवर येऊन बसू लागले. हे सगळ्यांत कठीण होतं. ते बाबांवर रागावले नाहीत. "लोखंडच ते," म्हणायचे, "मानूस बुढा होते तं लोखंड नाई होत?" बाबा मग त्यांच्या डोळ्याच्या खोबणीला स्वतःच्या हाताने तूप लावत. आणि दर भादव्यात, नवा माणूस कुणी ओसरीवर आला की पैकूभाऊ माझ्याकडे बोट करून सांगत, "हे आमची इंग्रजीवाली बाई. बोलत नाई, चालत नाई. पण त्या दिवशी तिनं हाका देल्ला ना, असा हाका! तिच्याच आवाजावर निंगाला डुकर. मी म्हटलं, वा रे पोरी!" आणि हसत. एका डोळ्याने हसणारा माणूस फार जवळून हसल्यासारखा वाटतो. मी आत निघून जाई. सगळे म्हणत, लाजाळू आहे.

जनाबाई यावर कधी बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्या तोंडावर हात दाबला होता; त्यांना एवढं तरी कळलं होतं की तो हाका नव्हता. त्या वाट बघत होत्या, असं मला आता वाटतं. कुणाच्या बोलण्याची, ते ठाऊक नाही.

चार वर्षं गेली. मी नागपूरला नोकरी धरली. गेल्या भादव्यात सुट्टीला गेले तेव्हा पैकूभाऊ पाळीवर जाळं शिवत बसले होते. मी त्यांच्या उजव्या बाजूने गेले, ज्या बाजूने त्यांना दिसत नाही, आणि दिसत नाही तोवरच बोलायला सुरुवात केली. सगळं सांगितलं. बोल्ट, ऊन, तीनचा आकडा. तो ओरडा कशासाठी होता तेही.

त्यांच्या हातातली सुई थांबली. "म्हंजे तुमी मले थांबा म्हणून राह्यल्या होत्या?"

"हो."

"आन् म्या चार साल हाका म्हणून सांगतलं लोकाईले." त्यांनी सुई जाळ्यात खोचली. मग विचारलं, "सुभेदारले ठाऊक हाय?"

खोटं बोलायची ती शेवटची जागा होती. "हो," मी म्हटलं.

"कवापासून?"

"त्याच दिवसापासून."

त्यांनी जाळं गुंडाळलं. "तुमी लेकरू होत्या, बाई. लेकराच्या हातून होते. माह्या मनात तुमच्याबद्दल काई नाई." ते उठले. "पण तो रोज माह्या डोळ्याले तूप लावून राह्यला होता. लावता लावता बी बोलला नाई."

त्यानंतर ते ओसरीवर आले नाहीत.

खरं बोललं की मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही. मी बाबांचा एकुलता एक मित्र त्यांच्यापासून तोडला आणि नागपूरच्या गाडीत बसले. बाबांना कारण ठाऊक नव्हतं. वर्षभर त्यांच्या पत्रांत, जी ते शेजाऱ्याकडून लिहवून घेत, एकच वाक्य यायचं: पैकू अलीकडे येत नाही, प्रकृती बरी नसावी. उत्तरात मी हवापाण्याचं लिहीत होते.

गेल्या आठवड्यात गौरीच्या सुट्टीला गेले होते. बाबांना आता एका डोळ्याने माणसाचा आकार तेवढा दिसतो. संध्याकाळी ओसरीवर बसले होते. पाळीकडून कुणी चालत आलं की मान उचलत, पावलं ओळखून पुन्हा खाली घालत. जनाबाई पायरीवर मासे ठेवून तशाच परत गेल्या. बाबा म्हणाले, "पैकूचं काय बिनसलं असेल गं माझ्याशी?"

आई आतून काहीतरी म्हणाली. मी मासे आत नेऊन ठेवले आणि परत आले.

"बाबा, मी त्यांना सांगितलं. गेल्या भादव्यात."

"सगळं?"

"सगळं. तुम्हाला ठाऊक होतं, तेही."

त्यांच्या कपाळावर आठी पडली नाही. ज्या आठीला घाबरून मी तीन दिवस कोठीच्या दारातून परत फिरले होते, ती आलीच नाही. ते नुसते म्हातारे दिसले. मग हाताने चाचपत त्यांनी चपला शोधल्या. "काठी दे," म्हणाले. मी त्यांचा हात धरायला गेले तर म्हणाले, "तू नको येऊस."

पाऊस बारीक पडत होता. ते पाळीवरून काठी आपटत निघाले. मी बऱ्याच अंतरावरून मागे गेले. झोपडीसमोर ते थांबले. त्यांनी हाक मारली, "पैकू." आतून उत्तर आलं नाही. आत माणसं होती. चुलीचा धूर छपरातून निघत होता. बाबांनी पुन्हा हाक मारली नाही आणि परतही फिरले नाहीत. त्यांचा सदरा भिजून पाठीला चिकटला. एकदा काठी घसरली, त्यांनी ती सावरली.

दिवेलागणीच्या सुमाराला जनाबाई बाहेर आल्या. त्यांनी बाबांकडे बघितलं, वळचणीखाली कोरड्या जागेत एक पोतं टाकलं, आणि आत गेल्या. दार लावलं नाही. बाबा काठीने पोतं शोधत त्यावर बसले. थोड्या वेळाने आतून पैकूभाऊंचा खोकल्याचा आवाज आला. बाबांनी मान तिकडे वळवली.

मी पाळीवर उभी होते. मला कुणी बोलावलं नाही.